तुळशीपुढचा बारा व्होल्टचा दिवा आणि त्यामागचे २३० व्होल्ट

तुळशीवृंदावनाजवळ दिवा लावायचा तर तो बारा व्होल्टचाच असावा, असे माझे ठाम मत आहे, आणि त्याचे कारण रोज सकाळी अंगणातच दिसते. न्हाऊन आलेले माणूस ओल्या, अनवाणी पायांनी तांब्याभर पाणी घेऊन येते, ते पाणी वृंदावनाच्या कट्ट्यावरून खाली ओघळते आणि दिवा जिथे बसवलेला असतो नेमके तिथेच साचते. कोरड्या हाताच्या, पायात चपला असलेल्या माणसाला जो झटका नुसता हात मागे घ्यायला लावतो, तोच ओल्या अंगाने जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाचा जीव घेऊ शकतो, कारण ओल्या त्वचेचा रोध कोरड्या त्वचेच्या मानाने कितीतरी कमी असतो. अशा जागी २३० व्होल्टची तार नेण्याचा हट्ट कशासाठी करावा?

गोव्यात अलीकडे नव्याने बांधलेल्या किंवा दुरुस्त केलेल्या घरांत असे दिवे सर्रास दिसू लागले आहेत. पायऱ्यांच्या खाचेत एलईडीची पट्टी, वृंदावनाला खालून उजेड, कुळागराकडे, म्हणजे सुपारी-माडांच्या बागेकडे, जाणाऱ्या वाटेवर गुडघाभर उंचीचे खांब, आणि चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, मखराभोवती आणखी चार पट्ट्या. वस्तू विकणारा “बारा व्होल्टचे आहे, कुणीही जोडेल” असे सांगतो, आणि तेवढ्या एका वाक्यावर घरातले माणूस निर्धास्त होते. दिव्यापुरते ते वाक्य खरे आहे. मात्र घरातल्या बोर्डापासून, २३० चे बारा व्होल्ट करणाऱ्या छोट्या डब्याच्या स्क्रूपर्यंत आलेली हातभर तार पूर्ण २३० व्होल्टची असते, आणि पुढच्या बारा व्होल्टची सगळी सुरक्षितता त्या हातभर तारेच्या जोडणीवर आणि डब्याच्या आतल्या बनावटीवर उभी असते. मी येथे मुख्यतः त्या टप्प्याविषयीच लिहिणार आहे.

आधी एक गोष्ट स्पष्ट केलेली बरी. जळालेला बल्ब किंवा बिघडलेला स्विच बदलणे आणि घराच्या वायरिंगला नवी शाखा काढणे, ही कायद्याच्या दृष्टीने दोन निराळी कामे आहेत. दुसरे काम परवानाधारक कंत्राटदाराच्या माणसाने करायचे असते. तरीही घरमालकाला जोडणी समजली पाहिजे असे मला वाटते, कारण वायरमन काम उरकून निघून जातो आणि त्या अंगणात पुढची पंधरा वर्षे आपणच वावरतो.

बाजारात ‘ट्रान्सफॉर्मर’ या एकाच नावाखाली तीन वेगळ्या वस्तू मिळतात. पहिला जुन्या पद्धतीचा, लोखंडी गाभ्याभोवती तांब्याच्या तारेची दोन वेटोळी असलेला जड ट्रान्सफॉर्मर. तो २३० व्होल्ट एसीचे बारा व्होल्ट एसी करतो. दुसरा हॅलोजनच्या जमान्यातला, हलका इलेक्ट्रॉनिक ट्रान्सफॉर्मर; त्याचाही बाहेर येणारा प्रवाह एसीच असतो, पण फार उच्च वारंवारतेचा, आणि त्याला ठरावीक किमान भार लागतो. पन्नास वॅटचा हॅलोजन काढून पाच वॅटचा एलईडी बसवला की दिवा लुकलुकतो, याचे कारण बहुधा हेच असते. तिसरा म्हणजे एलईडीसाठीचा डीसी पुरवठा, ज्याला आपले वायरमन एसएमपीएस किंवा ड्रायव्हर म्हणतात. एलईडीच्या पट्टीला हा तिसराच लागतो.

या तिघांतही पाहण्याची मुख्य गोष्ट व्होल्टेज नसून विलगता आहे. चांगल्या डब्यात २३० व्होल्टची बाजू आणि बारा व्होल्टची बाजू यांना जोडणारा तांब्याचा धागासुद्धा नसतो. ऊर्जा पलीकडे जाते ती चुंबकीय क्षेत्रातून. म्हणून बारा व्होल्टच्या कोणत्याही एका तारेला हात लागला आणि पाय ओल्या जमिनीवर असला, तरी शरीरातून वाहण्यासारखा मार्गच तयार होत नाही. स्वस्त ड्रायव्हरपैकी काहींत ही विलगता नसतेच. त्यांचा बाहेरचा आकडा लहान असला, तरी ती बाजू आतून थेट मेन्सला, म्हणजे घरातल्या २३० व्होल्टच्या विजेला, जोडलेली असते आणि जमिनीच्या संदर्भात तिच्यावर जीवघेणे व्होल्टेज असू शकते. घेताना डब्यावर भारतीय मानक ब्यूरोचे चिन्ह पाहावे. चौकोनात चौकोन असे चिन्ह असेल तर तो दुहेरी इन्सुलेशनचा आहे आणि त्याला अर्थची (जमिनीशी जोडणारी) तार लागत नाही, आणि डबा धातूचा असून अर्थचा स्क्रू असेल तर ती तार लागतेच. काहीच छापलेले नसेल, तर डबा दुकानातच ठेवून यावा.

आणखी एक घोटाळा चवथीच्या बाजारात हमखास होतो. रिळावर मिळणारी २३० व्होल्टची पट्टी आणि बारा व्होल्टची पट्टी दिसायला सारख्याच असतात. बारा व्होल्टच्या पट्टीवर साधारण दर तीन एलईडींनंतर कापायची खूण आणि तांब्याचे उघडे ठिपके असतात. २३० व्होल्टची पट्टी अर्ध्या किंवा एक मीटरच्या तुकड्यांतच कापता येते, आणि तिच्या प्लगमागे जो छोटा ठोकळा असतो तो बहुतेक वेळा नुसता रेक्टिफायर, म्हणजे एसीचे डीसी करणारा भाग, असतो. तो ठोकळा व्होल्टेज कमी करत नाही. माटोळीची, म्हणजे गणपतीवर टांगायच्या चौकटीची, ओली फळे आणि पाने जिथे टांगायची, तिथे अशी पट्टी कापून तिची टोके उघडी ठेवणे म्हणजे मेन्सची उघडी तार टांगणेच होय.

डबा कुठे बसवावा, याचे माझे उत्तर एकच आहे: घरात. बाहेर जावे ते फक्त बारा किंवा चोवीस व्होल्ट. पावसाळ्यात तीन हजार मिलिमीटर पाऊस झेलणाऱ्या आणि समुद्राची खारी हवा सोसणाऱ्या या प्रदेशात २३० व्होल्टचा जोड अंगणात ठेवण्याइतका आत्मविश्वास मला कोणत्याही कंपनीच्या डब्याबद्दल नाही. आयपी ६७ (धूळ-पाण्यापासूनच्या संरक्षणाचा क्रमांक) छापलेला डबा एक मीटर पाण्यात अर्धा तास तग धरेल अशा बेताने बनवलेला असतो, हे खरे. पण त्यातून बाहेर आलेल्या तीन तारा घराच्या वायरीला पिळून वर काळी टेप गुंडाळली, की त्या जोडाला कसलाच आयपी क्रमांक उरत नाही. टेपचा चिकटपणा पहिल्या उन्हाळ्यात सुटतो आणि पहिल्याच जोरदार सरीला तिच्यात पाणी धरून राहते. डबा बाहेर ठेवणे अगदीच अपरिहार्य असेल, तर तो जोड स्वतंत्र, आयपी ६५ किंवा त्याहून चांगल्या जंक्शन बॉक्समध्ये असावा, केबल त्यात खालून ग्लँडमधून (केबलला घट्ट आवळणाऱ्या बुचातून) शिरावी आणि शिरण्याआधी तिला खाली एक झोल द्यावा, म्हणजे तारेवरून ओघळणारे पाणी झोलाच्या टोकाला गळून पडते.

घरातही जागा निवडावी लागते. मंगळुरी कौलांखाली, वाशांच्या आणि सुक्या लाकडाच्या शेजारी डबा लपवण्याची सोय फार मोहक असते, पण एप्रिल-मे महिन्यांत कौलांखालची हवा आधीच तापलेली असते आणि एसएमपीएस स्वतःची उष्णता त्यात घालतो. शिवाय जाळीदार डब्याची भोके मुंग्यांना आणि पालींना आयती दारे वाटतात. डबा चिऱ्याच्या भिंतीवर, ओल न येणाऱ्या बाजूला, हात पोचेल अशा उंचीवर आणि चहूबाजूंनी हवा खेळेल असा बसवावा. भिंतीच्या आत बुजवून त्यावर गिलावा करू नये.

आता क्षमतेचा हिशेब. मीटरला १४.४ वॅट घेणारी पट्टी पाच मीटर लावली, तर भार ७२ वॅट होतो, आणि बारा व्होल्टला तो सहा अँपिअर. डबा कायम पूर्ण क्षमतेने चालवू नये. ऐंशी टक्क्यांच्या आत ठेवायचे म्हटले तर ७२ वॅटसाठी किमान ९० वॅटचा, म्हणजे बाजारातला १०० वॅटचा डबा घ्यावा. मेन्सच्या बाजूला हाच भार एका अँपिअरच्याही आत असतो, आणि म्हणूनच लोक तिथे हाताला लागेल ती बारीक वायर वापरतात. हे चुकीचे आहे. वायरची जाडी फक्त नेहमीच्या भारावर ठरत नाही. बिघाड झाल्यावर एमसीबी (जादा प्रवाह होताच आपोआप वीज तोडणारा स्विच) पडेपर्यंत वाहणारा प्रवाह तिला झेपला पाहिजे. दिव्यांच्या सर्किटवर सहा किंवा दहा अँपिअरचा एमसीबी असतो, तेव्हा डब्यापर्यंत १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची, आयएसआय चिन्हाची वायर न्यावी.

प्रत्यक्ष जोडणीत पहिले काम म्हणजे वीज बंद करणे, आणि दुसरे म्हणजे ती खरोखर बंद झाली आहे याची खात्री करणे. भिंतीवरचा स्विच बंद करून भागत नाही, कारण जुन्या घरांत कुणीतरी कधीतरी स्विच न्यूट्रलवर, म्हणजे प्रवाह परत नेणाऱ्या तारेवर, बसवलेला असतो; मग दिवा विझतो, पण तारेतला फेज, म्हणजे वीज आणणारी बाजू, तशीच जिवंत राहते. (एलईडी बंद केल्यावरही रात्री मंद उजळत राहत असेल, तर पहिला संशय याच चुकीचा घ्यावा, आणि दुसरा स्विचमधल्या छोट्या इंडिकेटरचा.) मेन डीबीमधला (घरभर वीज वाटणाऱ्या मुख्य पेटीतला) एमसीबी पाडावा, त्यावर चिकटपट्टीने चिठ्ठी लावावी, आणि घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवावे. इन्व्हर्टर असेल तर त्याचीही वाट बंद करावी. मेन्स गेल्याबरोबर तो त्याच तारांत २३० व्होल्ट घालतो, हे अनेकांच्या लक्षात राहत नाही.

नुसत्या खिशातल्या निऑन टेस्टरवर मी विसंबत नाही. पायात जाड रबरी चपला असल्या तर तो जिवंत तारेवरही नीट पेटत नाही, आणि कधी शेजारून गेलेल्या तारेच्या प्रभावाने मेलेल्या तारेवरही मिणमिणतो. मल्टिमीटर आधी जिवंत सॉकेटवर लावून तो चालतो हे पाहावे, मग आपल्या तारांवर फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ असे तिन्ही मोजावे, आणि शेवटी पुन्हा एकदा जिवंत सॉकेटवर लावून मधल्या काळात मीटरच बंद पडला नव्हता याची खातरजमा करावी.

तारांच्या रंगांबाबत आपल्याकडे दोन पद्धती एकत्र नांदतात. घराच्या वायरिंगमध्ये फेज लाल, पिवळा किंवा निळा, न्यूट्रल काळा आणि अर्थ हिरवा असतो; डब्यातून आलेल्या केबलमध्ये बहुधा फेज तपकिरी, न्यूट्रल निळा आणि अर्थ हिरवा-पिवळा असतो. म्हणजे तीन फेजचा पुरवठा असलेल्या घरात बोर्डातली निळी तार फेज असू शकते आणि डब्याची निळी तार न्यूट्रल. रंगाला रंग जुळवून मोकळे होणाऱ्याची इथे फसगत होते. मीटरने मोजून ठरलेलेच खरे मानावे.

जाळीदार एसएमपीएसवर स्क्रूंची एक ओळ असते: एल, एन, अर्थची खूण, आणि पुढे व्ही वजा व व्ही अधिक. मेन्सच्या तारा पहिल्या दोन स्क्रूंना, हिरवी तार तिसऱ्याला. या स्क्रूंमध्ये अंतर बोटाच्या पेराएवढेही नसते आणि वरचे प्लास्टिकचे झाकण पुष्कळदा पहिल्याच दिवशी हरवते. झाकण नसलेला डबा मी तरी चालू करणार नाही. काही डब्यांच्या कडेला आत एक छोटा लाल सरकता स्विच असतो, ११० आणि २२० असे लिहिलेला. तो २२० कडे असल्याचे पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये, कारण ११० वर ठेवून आपली वीज दिली की आतले कपॅसिटर फुटतात. मेन्स चुकून बाहेरच्या बाजूला जोडण्याचा प्रकार त्याहून भयंकर. लोखंडी ट्रान्सफॉर्मरच्या बारा व्होल्टच्या वेटोळ्याला २३० व्होल्ट दिले, तर वळणांच्या हिशेबाने दुसऱ्या बाजूला चार हजारांहून अधिक व्होल्ट यायला हवेत. प्रत्यक्षात गाभा संपृक्त होऊन वेटोळे आधीच जळते, पण जळण्याच्या त्या क्षणांत शेजारी कोणी असू नये.

तार सोलताना साधारण आठ मिलिमीटर तांबे उघडे करावे. स्क्रूच्या बाहेर उघडे तांबे दिसता कामा नये आणि स्क्रूखाली इन्सुलेशन चेपले जाता कामा नये. फ्लेक्सिबल तारेचे धागे पिळून तसेच स्क्रूखाली घातले, तर दोन-चार धागे हटकून बाजूला निसटतात आणि शेजारच्या स्क्रूला जाऊन टेकतात. त्यासाठी टोकाला लग (धाग्यांना एकत्र धरणारे धातूचे टोपण) दाबून बसवावे. धाग्यांना सोल्डर पाजून घट्ट करण्याची हौस मात्र टाळावी, कारण सोल्डर दाबाखाली हळूहळू पसरते, स्क्रू सैल होतो, जोड तापतो आणि काळा पडतो. जोडताना अर्थ सगळ्यांत आधी आणि सोडवताना सगळ्यांत शेवटी, हा क्रम पाळावा. हिरवी तार इतर दोघींपेक्षा थोडी लांब ठेवली, तर केबलला हिसका बसल्यास फेज आधी सुटतो आणि अर्थ शेवटपर्यंत टिकतो. स्क्रू आवळल्यावर प्रत्येक तार बोटांनी ओढून पाहावी.

अर्थचा विषय निघाला म्हणून एक प्रसंग सांगतो. “भावजी, त्या बॉक्साला हात लागला की अंग झिणझिणते,” असे वहिनी म्हणाल्या, तेव्हा घरातल्या इतरांनी ते हसण्यावारी नेले होते, कारण पट्टी बारा व्होल्टची होती आणि व्यवस्थित पेटत होती. डबा धातूचा, आणि त्याच्या तिसऱ्या स्क्रूवर काहीच जोडलेले नव्हते. मीटरचे एक टोक डब्याच्या अंगाला आणि दुसरे बोर्डातल्या अर्थला लावले, तर शंभरच्या आसपास व्होल्ट दिसले. डबा बिघडलेला नव्हता. एसएमपीएसमध्ये विजेचा गोंगाट दाबण्यासाठी फेज आणि न्यूट्रल या दोन्हींपासून डब्याच्या अंगापर्यंत छोटे कपॅसिटर असतात. अंगाला अर्थ नसला, की ते या दोघांच्या बरोबर मधे, म्हणजे २३० च्या निम्म्यावर तरंगत राहते. प्रवाह अत्यल्प असल्याने नुसत्या झिणझिण्या येतात. पण त्यांपैकी फेजकडचा कपॅसिटर आतून शॉर्ट झाला, तर त्याच अंगावर थेट फेज येतो, आणि त्या दिवशी झिणझिण्यांवर भागत नाही. डीबीपासून हिरवी तार ओढून तिसऱ्या स्क्रूला जोडली, तेव्हा मीटर शून्यावर आला.

जुन्या घरांत अडचण अशी असते, की दिव्यांच्या बोर्डापर्यंत अर्थची तार आलेलीच नसते. यावर काही जण न्यूट्रलचाच तुकडा अर्थच्या स्क्रूला जोडून वेळ मारून नेतात. हा उपाय मूळ दुखण्यापेक्षा वाईट आहे. पावसाळ्यात माडाची चुडत पडून रस्त्यावरची न्यूट्रल तार तुटली, की घरातल्या प्रत्येक अशा ‘अर्थ’ केलेल्या अंगावर फेजचे पूर्ण व्होल्टेज येऊन बसते. नवी तार ओढणे जमणारच नसेल, तर दुहेरी इन्सुलेशनचा, प्लास्टिकच्या अंगाचा डबा घ्यावा. त्याला अर्थ लागतच नाही.

डीबीमध्ये ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (जमिनीकडे गळणारा प्रवाह ओळखून वीज तोडणारा स्विच) असणे मी अत्यावश्यक समजतो. जांभ्या जमिनीतला अर्थचा खड्डा उन्हाळ्यात सुकतो आणि त्याचा रोध वाढतो. अशा वेळी एमसीबी पाडण्याइतका प्रवाह जमिनीतून वाहत नाही, पण आरसीसीबीला ३० मिलिअँपिअर पुरतात. त्याचे टेस्ट बटण अधूनमधून दाबून पाहावे. मात्र आरसीसीबीची एक मर्यादा ओळखून असावे: विलग केलेल्या बारा व्होल्टच्या बाजूला काय घडते, ते त्याला दिसत नाही. ती बाजू माणसाला झटका देत नसली, तरी आग लावू शकते. सहा-आठ अँपिअर देणाऱ्या डब्याला टेलिफोनसारखी बारीक तार जोडली आणि ती दूरच्या टोकाला अर्धवट शॉर्ट झाली, तर डब्याला तो नेहमीचा भारच वाटतो आणि तार तापत राहते. म्हणून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक शाखेला तारेच्या क्षमतेनुसार वेगळा फ्यूज असावा.

एकाच एमसीबीवर बरेच एसएमपीएस असतील, तर स्विच दाबताच तो कधीकधी पडतो. आतले रिकामे कपॅसिटर पहिल्या काही मिलिसेकंदांत नेहमीच्या अनेक पट प्रवाह ओढतात, म्हणून असे होते. त्यावर उपाय अधिक अँपिअरचा एमसीबी नव्हे. तेवढ्याच अँपिअरचा, सी प्रकारचा (असा क्षणिक जादा प्रवाह सोसणारा) एमसीबी लावावा किंवा डबे दोन स्विचांवर विभागावेत.

बारा व्होल्टच्या बाजूबद्दल थोडक्यात. फ्लेक्सिबल १.५ चौरस मिलिमीटर तारेचा रोध किलोमीटरला सुमारे १३ ओहम असतो. दिवा डब्यापासून दहा मीटरवर असला, तर जाऊन-येऊन वीस मीटर तार होते, आणि सहा अँपिअरला दीड व्होल्टाहून अधिक तारेतच खर्ची पडतात. पट्टी पिवळट, निस्तेज दिसते. तोच भार चोवीस व्होल्टच्या पट्टीवर घेतला, तर प्रवाह निम्मा होतो आणि नुकसान पाऊण व्होल्टाच्या आसपास येते, तेही चोवीसमधून. अंगण मोठे असेल तर चोवीस व्होल्टच घ्यावे. वृंदावनाच्या अगदी कट्ट्यात किंवा कारंज्याच्या पाण्यात बसणारा दिवा मात्र बारा व्होल्टचाच हवा. ही तार मेन्सच्या तारेबरोबर एकाच पाइपातून कधीही नेऊ नये; उंदराने दोन्हींचे इन्सुलेशन कुरतडले, तर डब्याने राखलेली विलगता पाइपात संपते.

सगळे जोडून झाल्यावर पट्टी न लावता आधी नुसता डबा चालू करावा, बाहेरच्या स्क्रूंवर बारा व्होल्ट आणि योग्य ध्रुवता मोजावी, मग वीज बंद करून पट्टी जोडावी. तासभर पूर्ण भाराने चालवल्यावर वीज बंद करून झाकण उघडावे आणि प्रत्येक स्क्रूजवळच्या तारेला बोट लावून पाहावे. बाकीच्या थंड आणि एकच कोमट असेल, तर तो स्क्रू सैल आहे. मृग लागण्याआधी, मे महिन्याच्या शेवटी, हेच पुन्हा करावे: एमसीबी पाडून झाकण काढावे, मुंग्यांचे घर ब्रशने झाडावे, तांबे हिरवे पडले असेल तेवढे टोक कापून नव्याने सोलावे, आणि स्क्रू पुन्हा आवळावेत, कारण आमच्या दमट हवेत ते वर्षभरात थोडेफार ढिले पडतातच.